एसडीक्यू प्रश्नावली: पुढचं पान मोजायचं, मागचं पान वाचायचं

लहान मुलं, किशोरवयीन मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासोबतचं काम शिकायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच एक कागद हातात येतो. पुढच्या बाजूला पंचवीस विधानं आणि प्रत्येकासमोर तीन चौकोन, मागच्या बाजूला मोजके प्रश्न. पालक पाच-सात मिनिटांत भरून परत देतात. नाव स्ट्रेंथ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर, पण सगळे एसडीक्यूच म्हणतात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली आणि आज ती अनेक देशांत, अनेक भाषांत वापरली जाते. कागदावरचा फॉर्म बिगर-व्यावसायिक कामासाठी विनामूल्य मिळतो. गुण द्यायला गणकयंत्रही लागत नाही.

अडचण या सोपेपणातच आहे. बुद्धिमापनाची चाचणी शिकवायला तासन् तास दिले जातात आणि एसडीक्यू मात्र ‘बेरीज कर आणि तक्त्यात बघ’ एवढ्यावर आटोपते. त्यामुळे चुका वर्षानुवर्षं तशाच चालत राहतात. हे परीक्षण लिहिताना डोळ्यांसमोर शिकाऊ मानसशास्त्रज्ञ आहे. प्रश्नावली चांगली आहे का, कशासाठी चांगली आहे, आणि हातात आल्यावर ती नेमकी कुठे फसवते, हे त्याला कळावं म्हणून.

आधी रचना. पंचवीस विधानांचे पाच गट आहेत, प्रत्येकात पाच विधानं: भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, चंचलता आणि एकाग्रता, समवयस्कांशी संबंध, आणि पाचवा गट इतरांची काळजी घेण्याच्या वृत्तीचा. प्रत्येक विधानाला ‘खरं नाही’, ‘थोडंफार खरं’, ‘अगदी खरं’ असे तीन पर्याय आणि ०, १, २ असे गुण. म्हणजे प्रत्येक गट ० ते १०. पहिल्या चार गटांची बेरीज म्हणजे एकूण अडचणींचा आकडा, ० ते ४०. काळजी घेण्याचा गट या बेरजेत धरायचा नाही. पाचही गट मिळवून पन्नासपैकी आकडा काढलेला अहवाल समोर आला तर तो तिथेच थांबवावा, कारण त्यात मूल जितकं प्रेमळ तितकं जास्त ‘अडचणीत’ दिसतं.

पालक आणि शिक्षक यांचे फॉर्म ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. ११ वर्षांपासूनच्या फॉर्ममध्ये शब्दांत किरकोळ फरक आहेत. मुलानं स्वतः भरायचा फॉर्म ११ ते १७ या वयासाठी. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात खोटं बोलणं आणि चोरी यांच्या जागी वाद घालणं आणि मुद्दाम खोड्या काढून दुखावणं अशा अर्थाची विधानं आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या ‘चोरी’ला काही अर्थ नसतो, म्हणून हा बदल. तरीही कपाटातून घाईत काढलेला मोठ्या मुलांचा फॉर्म लहानग्याच्या आईच्या हातात जातोच. फॉर्म देण्याआधी वयाची ओळ वाचायला दोन सेकंद लागतात.

आता गुण देताना होणारी सगळ्यात महागडी चूक. पंचवीसपैकी पाच विधानं उलटी आहेत: सातवं (सांगितलेलं ऐकतं), अकरावं (निदान एक तरी चांगला मित्र आहे), चौदावं (इतर मुलांना आवडतं), एकविसावं (करण्याआधी विचार करतं) आणि पंचविसावं (हातातलं काम पूर्ण करतं). इथे ‘अगदी खरं’ला ० आणि ‘खरं नाही’ला २ द्यायचे. मधल्या पर्यायाला सगळीकडे १ च. ही पाच विसरली तर काय होतं बघा. समवयस्कांच्या गटात दोन उलटी विधानं आहेत. ज्या मुलाला चांगला मित्र आहे, जे सगळ्यांना आवडतं, त्याच्या खात्यात फुकटचे चार गुण जमा होतात. गुणांच्या तीन पट्ट्या असतात: नेहमीची, सीमारेषा आणि वरची, म्हणजे जास्त अडचणींची. पालकांच्या फॉर्मवर या गटात चार म्हणजे थेट वरची पट्टी. मैत्रीत रमलेलं मूल कागदावर एकाकी ठरतं. उलट, ज्याला खरोखर कुणी मित्र नाही त्याचे चार गुण कमी होतात आणि ते मूल नजरेतून निसटतं. म्हणून हे पाच आकडे (७, ११, १४, २१, २५) फॉर्मच्या फाईलवर आतल्या बाजूला लिहून चिकटवून ठेवावेत. पारदर्शक कागदावर छापलेली गुणांची साचेपट्टी मिळते. ती वापरताना फोटोकॉपीत फॉर्मचा आकार बदललेला नाही ना, हे आधी तपासा. आकार बदललेल्या कॉपीवर साचेपट्टी चौकोनांवरून सरकते.

दुसरी चूक रिकाम्या चौकोनांची. एखाद्या गटातली किमान तीन विधानं भरलेली असतील तर गुण प्रमाणात वाढवून घेता येतात: मिळालेली बेरीज भागिले भरलेल्या विधानांची संख्या, गुणिले पाच, आणि जवळचा पूर्णांक. समजा चंचलतेच्या गटात चार विधानं भरली आहेत आणि बेरीज ५ आली. ५ भागिले ४, गुणिले ५, म्हणजे ६.२५, म्हणून ६. रिकामी जागा शून्य धरली असती तर ५ राहिले असते. पालकांच्या फॉर्मवर ५ म्हणजे नेहमीची पट्टी आणि ६ म्हणजे सीमारेषा. एका न भरलेल्या चौकोनानं मुलाची पट्टी बदलते. तीनपेक्षा कमी विधानं भरलेली असतील तर त्या गटाला गुणच द्यायचे नाहीत.

पण गणित करण्याआधी ती जागा रिकामी का राहिली हे विचारावं. पान उलटताना राहून गेलं असेल, किंवा विधान कळलं नसेल. चोरीच्या किंवा मारामारीच्या विधानासमोर पेन थांबलं असेल तर मात्र तिथे घरात न बोललेलं काहीतरी असण्याची शक्यता असते. ‘हे एक राहिलंय, तुम्हाला काय वाटतं?’ असं सहज आवाजात विचारलं की पुष्कळदा भेटीचा खरा विषय तिथेच उघडतो. प्रमाणात गुण काढणं हा शेवटचा उपाय, पालक निघून गेल्यावर करायचा.

पट्ट्यांचा तक्ता वाचताना आणखी एक गोष्ट निसटते: तिन्ही फॉर्मच्या सीमा वेगवेगळ्या आहेत. मूळच्या तीन पट्ट्यांच्या पद्धतीत एकूण आकड्यासाठी पालकांच्या फॉर्मवर १३ पर्यंत नेहमीची पट्टी, १४ ते १६ सीमारेषा, १७ पासून वर. शिक्षकांच्या फॉर्मवर ११ पर्यंत, १२ ते १५, आणि १६ पासून वर. मुलाच्या स्वतःच्या फॉर्मवर १५ पर्यंत, १६ ते १९, आणि २० पासून वर. म्हणजे १६ हा एकच आकडा शिक्षकांकडून आला तर वरच्या पट्टीत जातो आणि आईकडून किंवा मुलाकडून आला तर सीमारेषेवर थांबतो. भिंतीवर फक्त पालकांचा तक्ता लावून तिन्ही फॉर्म त्याच्यावरून वाचणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

या पट्ट्या ठरल्या कशा, हे माहीत असलं की त्यांच्याविषयीचा धाक कमी होतो. ब्रिटनमधल्या मुलांच्या गुणांवरून साधारण ८० टक्के मुलं नेहमीच्या पट्टीत, १० टक्के सीमारेषेवर आणि १० टक्के वर येतील अशा बेतानं रेघा मारलेल्या आहेत. वरच्या पट्टीचा अर्थ एवढाच की त्या लोकसंख्येत दहापैकी एका मुलाचे गुण इतके किंवा याहून जास्त असतात. आजार आहे असा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या समाजात, दुसऱ्या भाषेत हीच रेघ वेगळ्या जागी पडू शकते. स्थानिक मानकं उपलब्ध असतील तर तीच वापरावीत. नंतर आलेल्या पद्धतीत चार पट्ट्या आहेत, साधारण ८०, १०, ५ आणि ५ टक्क्यांच्या. तिची नावं जास्त सौम्य आहेत आणि पालकांशी बोलताना ती बरी पडतात. फक्त एकाच मुलाच्या फाईलमध्ये पहिल्या भेटीला एक पद्धत आणि सहा महिन्यांनी दुसरी, असं करू नये.

विधानांच्या निवडीबद्दल आमचं मत एकूण चांगलं आहे. भाषा साधी आहे, आणि पंचवीसपैकी दहा विधानं मुलाच्या चांगल्या बाजूविषयी आहेत. लांबलचक तक्रारींची यादी भरून दमलेल्या आईच्या चेहऱ्यावर आणि एसडीक्यू भरलेल्या आईच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, तो यामुळेच. पण दोन विधानांवर डोळा ठेवायला हवा. इतर मुलं चिडवतात किंवा दादागिरी करतात, हे विधान ‘अगदी खरं’ असेल तर मुलाच्याच खात्यात दोन गुण जमा होतात. छळ दुसऱ्यांनी केला, अडचण मात्र त्याच्या नावावर. समवयस्कांच्या गटाचा आकडा या एका विधानामुळे वाढला असेल तर पुढचं पाऊल शाळेशी बोलण्याचं आहे, मुलाला ‘सामाजिक कौशल्यं’ शिकवण्याचं नव्हे. दुसरं विधान मोठ्यांशी जास्त जमतं या अर्थाचं. एकुलतं एक मूल, आजी-आजोबांसोबत वाढलेलं मूल, नवीन भाषेच्या शाळेत नुकतंच घातलेलं मूल, सगळ्यांना इथे गुण मिळतात. म्हणून गटाचा आकडा लिहिण्याआधी तो कोणत्या विधानांतून आला हे एकदा बोट ठेवून बघावं. एका गटात पाचच विधानं असल्यानं एका विधानाचं वजन फार पडतं. समवयस्कांचा आणि वर्तनाचा गट, विशेषतः मुलांनी स्वतः भरलेल्या फॉर्मवर, अंतर्गत सुसंगतीत (एका गटातल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात यात) कमजोर ठरतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. एकूण आकडा त्या मानानं भक्कम असतो.

आता तीन माणसांचे तीन फॉर्म. इथे शिकाऊ माणूस हमखास गोंधळतो. आईच्या फॉर्मवर चंचलता ८, वर्गशिक्षकांच्या फॉर्मवर ३. मग ‘खरं कोण बोलतंय?’ असा प्रश्न पडतो, आणि घाईत सरासरी काढून ५.५ लिहिलं जातं. सरासरी कधीही काढू नये. वेगवेगळ्या ठिकाणी मुलाला पाहणाऱ्या माणसांचं फारसं जुळत नाही, ही बालमानसशास्त्रातली जुनी आणि पक्की गोष्ट आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. दोन पालकांसारख्या सारख्याच नात्यातल्या दोघांमध्ये सहसंबंध (० म्हणजे काहीच जुळत नाही, १ म्हणजे पूर्ण जुळतं) सरासरी ०.६० होता, पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांमध्ये ०.२८, आणि मूल स्वतः व इतर यांच्यात ०.२२. तेव्हा फॉर्म जुळले नाहीत म्हणून कुणी खोटं बोललं असं मानायचं कारण नाही. मूल घरी वेगळं आणि शाळेत वेगळं असतं, आणि तोच फरक आपल्याला हवा असतो.

८ आणि ३ या जोडीत विचारायचं ते असं. चंचलता फक्त घरी दिसते, तर घरी कधी? गृहपाठाच्या वेळी, झोपण्याआधी, की भावंड जवळ असताना? शाळेत बाई वर्ग कडक चालवतात आणि मूल दिवसभर स्वतःला आवरून घरी येऊन सुटतं का? वर्गात साठ मुलं असतील तर गप्प बसून खिडकीबाहेर बघणारं मूल शिक्षकांच्या नजरेला येणारच नाही, आणि त्यांचे ३ म्हणजे ‘मला त्रास देत नाही’ एवढंच असेल. उलट, शिक्षकांकडून ८ आणि घरून ३ आले तर वाचनाची किंवा लेखनाची अडचण, ऐकू कमी येणं, न समजणारी शिकवण्याची भाषा, या गोष्टी आधी तपासाव्यात. लक्ष विचलित होण्याचं कारण पुष्कळदा समोरच्या फळ्यावर असतं.

किशोरवयीन मुलांत याहून महत्त्वाची जोडी म्हणजे स्वतःच्या फॉर्मवर भावनिक त्रास ८ आणि आईच्या फॉर्मवर २. काळजी, भीती, आतलं उदासपण बाहेरून दिसत नाही. दिसतं ते डोकेदुखी, पोटदुखी आणि चिडचिड. अशा वेळी मुलीचा फॉर्म आईसमोर पसरून ‘बघा, ती काय लिहितेय’ म्हणणं हा विश्वासघात आहे. तिला आधी एकटीला भेटून विचारायचं: ‘तू लिहिलंस त्यातलं आईला काय सांगू, काय नको? आणि सांगायचं तर तू सांगशील की मी?’ गोपनीयतेची मर्यादा, म्हणजे जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागेल, ही गोष्ट फॉर्म हातात देण्याआधी सांगितलेली असली पाहिजे. भरून झाल्यावर सांगितली तर ती मुलाला सापळ्यासारखी वाटते.

म्हणूनच फॉर्म भरायची जागा महत्त्वाची. आई-वडील आणि मूल एकाच बाकावर बसून एकमेकांच्या कागदात डोकावत भरतात ते फॉर्म बाजूला ठेवावेत. मुलाला वेगळ्या खोलीत किंवा निदान पाठीला पाठ लागेल असं बसवावं. दोन्ही पालक आले असतील तर दोघांना दोन फॉर्म द्यावेत. ‘आम्ही मिळून भरतो’ म्हणाले तर समजून घ्यावं की घरात कुणाचं चालतं याची एक खूण मिळाली, आणि तरीही दोन फॉर्म द्यावेत. वाचता न येणाऱ्या किंवा चष्मा विसरलेल्या पालकाला विधान जसंच्या तसं, एकाच सुरात वाचून दाखवायचं. ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर विधान पुन्हा वाचायचं आणि ‘तुम्हाला जसं समजलं त्यावरून सांगा’ म्हणायचं. आपण उदाहरण दिलं की उत्तर आपल्या उदाहरणाला येतं. अधिकृत भाषांतर नसलेल्या भाषेत तिथल्या तिथे स्वतःच्या शब्दांत भाषांतर करून विचारलं तर ती प्रश्नावली उरत नाही, साध्या गप्पा होतात. गप्पा जरूर माराव्यात, पण तिथे गुण देऊ नयेत. फॉर्मचे शब्द बदलायला परवानगीही नाही. आणि सूचनेतला काळ मोठ्यानं वाचावा: गेले सहा महिने. तसं न सांगितल्यास पालक कालच्या भांडणावरून भरतात.

या सगळ्यानंतर कागद उलटा करावा. आमच्या मते या प्रश्नावलीचं खरं मोल मागच्या पानावर आहे, आणि नेमकं तेच पान अनेक ठिकाणी छापलंच जात नाही. कागद वाचवण्यासाठी एकाच बाजूची कॉपी काढतात आणि इम्पॅक्ट, म्हणजे प्रभावाची, पुरवणी गळून पडते. गुडमन यांनी ती १९९९ साली जोडली. पहिला प्रश्न सरळ आहे: भावना, एकाग्रता, वागणूक किंवा इतरांशी जमवून घेणं यात मुलाला अडचण आहे असं एकंदरीत तुम्हाला वाटतं का? नाही, किरकोळ, निश्चित, की गंभीर? ‘हो’ असेल तर पुढे: किती दिवसांपासून, मुलाला स्वतःला त्याचा किती त्रास होतो, घरातलं आयुष्य, मैत्री, वर्गातलं शिक्षण आणि मोकळा वेळ यांत किती व्यत्यय येतो, आणि शेवटी तुमच्यावर किंवा कुटुंबावर किती भार पडतो.

इथेही गुण देताना एक खाच आहे. चार पर्यायांपैकी ‘अजिबात नाही’ आणि ‘थोडासाच’ या दोन्हींना शून्य. तिसऱ्याला १ आणि चौथ्याला २. पुढच्या पानाच्या सवयीनं ०, १, २, ३ दिले तर आकडा फुगतो. त्रास आणि चार प्रकारचे व्यत्यय मिळून पालकांच्या आणि मुलाच्या फॉर्मवर ० ते १०. शिक्षकांच्या फॉर्मवर त्रास, मैत्री आणि शिक्षण एवढे तीनच प्रश्न, म्हणून ० ते ६. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ असेल तर प्रभाव शून्य. मूळ पद्धतीत १ म्हणजे सीमारेषा, २ पासून वरची पट्टी. किती दिवसांपासून आणि कुटुंबावर भार, हे दोन प्रश्न बेरजेत येत नाहीत, आणि बेरजेत नाहीत म्हणून शिकाऊ माणूस ते वाचतच नाही.

ते दोन प्रश्न मात्र आधी वाचावेत. ‘एक महिन्याहून कमी’वर खूण असेल तर गेल्या महिन्यात काय झालं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: बदललेली शाळा, घरातला मृत्यू, आई-वडिलांचं वेगळं होणं, दवाखान्यातले दिवस. ‘एक वर्षाहून जास्त’ असेल तर प्रश्न वेगळा: मग आत्ताच का आलात? कुणी पाठवलं? आणि भाराचा प्रश्न तर कुटुंबाशी बोलण्याचा दरवाजा आहे. पुढच्या पानावर एकूण आकडा ११, म्हणजे अगदी नेहमीचा, आणि भार ‘खूपच’ असेल तर त्या घरात दमलेलं माणूस कोण हे शोधायला हवं. उलट पुढे २२ आणि भार ‘अजिबात नाही’ असेल तर मुलाच्या त्रासाकडे घराचं लक्ष आहे का, की सगळ्यांना त्याची सवय झालीय, हे हळूच बघावं. भेटीत म्हणता येतं: ‘तुम्ही इथे खूप भार पडतो असं लिहिलंय. रोजच्या दिवसात तो सगळ्यात जास्त कधी जाणवतो?’ या एका वाक्यानंतर पालक जे सांगतात ते पंचवीस विधानांतून कधीच आलं नसतं.

प्रश्नावली काय विचारत नाही, हे तिच्या पाठीवर ठळक छापायला हवं होतं. स्वतःला इजा करणं किंवा मरणाचे विचार यावर एकही विधान नाही. झोप, खाणं, अंथरूण ओलं करणं, टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली किंवा आवाज), व्यसन, भास, अत्याचार, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी, स्वमग्नतेची लक्षणं, यांतलं काही नाही. स्वमग्न मुलाचे समवयस्कांच्या गटात गुण वाढलेले दिसतील, पण ते का वाढले हे कागद सांगणार नाही. म्हणून किशोरवयीन मुलाचा एसडीक्यू कितीही साफ आला तरी एकट्याला भेटून थेट विचारायचंच: ‘कधी असं वाटतं का, की जगूच नये?’ असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार नव्यानं येत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी सुपरव्हायझरला सांगायचं, पुढच्या मीटिंगपर्यंत थांबायचं नाही.

ओळखण्याची ताकद किती, याचाही अंदाज असावा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ५ ते १५ वयोगटातल्या ७,९८४ मुलांवर, पालक, शिक्षक आणि मोठ्या मुलांचे स्वतःचे फॉर्म एकत्र करून, मानसिक विकार असलेल्या मुलांपैकी ६३.३ टक्के सापडली आणि विकार नसलेल्यांपैकी ९४.६ टक्के बरोबर बाजूला राहिली. समजा हजार मुलांत शंभरांना विकार आहे. त्यांतली साधारण ६३ सापडतील आणि ३७ सुटतील. उरलेल्या नऊशेंपैकी ४९ जणांवर उगाच बोट पडेल. म्हणजे बोट पडलेल्या ११२ जणांत जवळजवळ निम्म्यांना विकार नसेल. वर्तन, चंचलता आणि नैराश्य यांत पकड चांगली, सत्तर टक्क्यांहून जास्त. विशिष्ट भीती, आई-वडिलांपासून दूर जाण्याची चिंता आणि खाण्याचे विकार यांत निम्म्याहून कमी. आणि एकाच माणसाचा फॉर्म असेल तर पकड बरीच ढिली होते. शिक्षकांचा फॉर्म मागवायचा कंटाळा करणाऱ्या विभागानं हे वाक्य दोनदा वाचावं.

याच कामासाठी आकेनबाख यांची बालवर्तन यादी आहे, शंभराहून जास्त विधानांची आणि विकत घ्यावी लागणारी. तिच्यात झोप, शारीरिक तक्रारी, स्वतःला इजा, सगळं आहे. मूल आधीच दाखल झालेलं असेल आणि चित्र गुंतागुंतीचं असेल तर आम्ही ती पसंत करू. पण पहिल्या भेटीआधी पोस्टानं पाठवायला, शाळेत सरसकट वापरायला, अक्षरं लावत वाचणाऱ्या पालकाला द्यायला एसडीक्यूच बरी. १९९९ सालच्या लहान मुलांवरच्या एका तुलनेत चंचलता आणि एकाग्रतेच्या बाबतीत एसडीक्यू उजवी ठरली होती, आणि बाकी ठिकाणी मागे पडली नव्हती. पाव पट विधानांत हे साधणं ही मोठी कामगिरी आहे.

अहवालात लिहिताना ‘मुलाला चंचलता ८ आहे’ असं लिहू नका. लिहायचं ते असं: ‘आईनं भरलेल्या एसडीक्यूनुसार चंचलता-एकाग्रता ८, वरच्या पट्टीत, वर्गशिक्षकांच्या फॉर्मनुसार ३, नेहमीच्या पट्टीत, आईच्या मते एक वर्षाहून जास्त काळ, घरातल्या आयुष्यात आणि मोकळ्या वेळात व्यत्यय, प्रभाव ४.’ कुणी भरलं आणि कोणत्या तारखेला, हे नसेल तर आकड्याला किंमत नाही. पालकांना सांगताना काळजी घेण्याच्या गटापासून सुरुवात करा, पण खुशामत म्हणून नको. तो आकडा ९ असेल तर ‘लहान मुलांशी तो प्रेमानं वागतो असं तुम्ही दोघांनीही लिहिलंय, शाळेनंही’ असं नेमकं सांगा. तो आकडा ४ किंवा कमी असेल तर उसनं कौतुक करू नका. ‘निदान’ हा शब्द या कागदाच्या आधारे तोंडातून जाऊ देऊ नका, पालकांनी तीनदा विचारलं तरी.

पुन्हा मोजणीसाठी वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात काळ सहा महिन्यांऐवजी गेला एक महिना असतो आणि दोन जास्तीचे प्रश्न असतात: इथे यायला लागल्यापासून अडचणी कमी झाल्या की वाढल्या, आणि माहिती मिळणं, त्रास सोसणं सुकर होणं अशा दुसऱ्या कुठल्या प्रकारे उपयोग झाला का. दुसऱ्या वेळी जुनाच फॉर्म देण्याची चूक फार होते. मग सहा महिन्यांच्या खिडकीत उपचाराआधीचे दिवसही येतात आणि सुधारणा झाकली जाते. आकडा १९ वरून १५ वर आला म्हणून लगेच आनंदूनही जाऊ नये. माणसं अडचण शिगेला पोहोचल्यावरच येतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी आकडा थोडा आपोआप उतरतो. विभागाच्या कामाचा हिशेब मांडण्यासाठी ही आपोआप होणारी घट वजा करणारं एक सूत्र पालकांच्या फॉर्मसाठी तयार केलेलं आहे, पण ते मुलांच्या गटासाठी वापरायचं. एका मुलाच्या बाबतीत त्या दोन जास्तीच्या प्रश्नांची उत्तरं आणि मागच्या पानावरचा प्रभाव पहिल्या वेळच्या कागदाशेजारी ठेवून वाचा. एकूण आकडा तोच राहिला, पण शाळेतला व्यत्यय ‘खूपच’वरून ‘थोडासाच’वर आला असेल, तर कोणत्या विषयात, कोणत्या शिक्षकांच्या तासाला, कुणामुळे, हे त्याच भेटीत विचारून तारखेसह लिहून ठेवा.